पिशवीतला खडू घरी ठेवा : लेण्यांवर येणाऱ्या मित्रांना खुले पत्र

प्रिय मित्रमैत्रिणींनो,

नाशिकमधून दर रविवारी कुठल्या ना कुठल्या लेण्यांकडे निघणाऱ्या, धम्मलिपी म्हणजे लेण्यांवरची जुनी ब्राह्मी लिपी शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या तुम्हा सगळ्या ग्रुपांना हे पत्र. तुमच्यातले बरेच जण मला चेहऱ्यानं ओळखतात. त्रिरश्मीच्या, म्हणजे नाशिकच्या पांडवलेण्यांच्या, पायऱ्यांवर सकाळी माकडटोपी घालून, दर पन्नास पायऱ्यांनी दम खात, वर जाणारा जो म्हातारा तुम्हाला दिसतो, तो मी. तुम्ही मला काका म्हणता, वाट देता, कधी पाण्याची बाटलीही पुढे करता. तेव्हा हे भांडण नाही. शिलालेखांच्या अक्षरांत खडू भरण्याबद्दलची तक्रार म्हणा हवं तर, आणि तिच्यातली निम्मी माझी माझ्याविरुद्धच आहे.

गेल्या डिसेंबरात तुमच्यापैकी एका ग्रुपनं मला पितळखोऱ्याची लेणी पाहायला नेलं. कोणता ग्रुप ते लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. पहाटे साडेचारला नाशिकच्या द्वारका चौकातून गाडी सुटली. मालेगाव, चाळीसगाव, मग कन्नडचा घाट. चाळीसगावात पोहे खाल्ले. मिसळ होती, पण नाशिककरानं नाशिकबाहेर मिसळीच्या नादी लागू नये, हे मी वयोमानानं शिकलो आहे.

पितळखोरं ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आपल्याला सवय आहे खालून वर लेणी पाहायची. हायवेवरून मान वर केली की त्रिरश्मीच्या पोटातली काळी रेघ दिसते. पितळखोऱ्याला सगळं उलटं. गौताळा अभयारण्यातल्या उघड्या माळावर गाडी थांबते. आजूबाजूला वाळलेलं गवत, बोरी-बाभळी, गुराख्याची एखादी हाक. लेणी कुठेच नाहीत. मग माळ एकाएकी तुटतो आणि कळतं, की आपण लेण्यांच्या डोक्यावर उभे आहोत. तिथून पायऱ्यांनी घळीत उतरायचं, ओढ्यावरून पलीकडे जायचं आणि मग मान वळवून वर पाहायचं. सर्वांना धडधाकट अजिंठा-वेरूळ पाहायची सवय असते, इथे मात्र डोंगराचा अर्धा चेहराच गळून पडलाय. खडक ठिसूळ, वरून झिरपणारं पाणी, कोसळलेल्या दर्शनी भिंती. चैत्यगृहाचे, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनेच्या लेण्याचे, किती तरी खांब गेले, त्यांच्या जागी नवे घालून छत सावरून धरलंय.

पण जे उरलंय ते पाहून मी ओढ्याकाठी बसूनच राहिलो. विहाराच्या, म्हणजे भिक्षूंच्या राहायच्या लेण्याच्या, जोत्यावर हत्तींची रांग. दाराशी भाला-ढाल घेतलेले दोन द्वारपाल, त्यांच्या अंगरख्याच्या चुण्यासुद्धा मोजाव्यात. बाजूला एक फणा काढलेला नाग, आणि त्याच्या फणांना भोकं. डोंगरात मुरलेलं पाणी पन्हळीनं आणून या फणांतून बाहेर सोडायची ती सोय. पाण्याला आत येऊ नको म्हणण्याऐवजी त्यालाच नागाच्या तोंडून बाहेर काढायचं, हे ज्याच्या डोक्यात आलं तो माणूस मला भेटायला हवा होता. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सात वर्षं गळती चालू आहे.

याच लेण्यात १९५०च्या दशकात मातीचा ढिगारा उपसताना एक बुटका, हसरा यक्ष सापडला. तो आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर कोरलंय, ‘कण्हदासेन हिरंमकारेन कता’. म्हणजे कण्हदास नावाच्या सोनारानं ही मूर्ती केली. दागिने घडवणारा माणूस दगडाला हात घालतो आणि खाली सही करतो. तुमच्यातल्या एकानं तिथं विचारलं होतं, ‘काका, मग त्यानं पण भिंतीवर नावच टाकलं ना?’ टाकलं बाबा. पण मूर्ती त्यानं घडवली होती.

आता मुद्द्याकडे येतो.

चैत्यगृहात एका खांबावर दोन-अडीच हजार वर्षांच्या आतबाहेरचा एक छोटा लेख आहे. पैठणच्या मितदेवानं, गाधिक म्हणजे अत्तराचा व्यापार करणाऱ्या कुळातल्या माणसानं, हा खांब दान दिला, एवढाच मजकूर. ‘थभो दानं’ हे शेवटचे शब्द. पैठणचा माणूस, इतक्या आडरानात, एका खांबाचे पैसे देतो. सबंध लेणं नाही, एक खांब. मला हे वर्गणीच्या पावतीसारखं वाटतं आणि म्हणून फार जवळचं वाटतं.

तर तुमच्यातला एक मुलगा पुढे झाला. विशीतला, काळं जॅकेट, बोलण्याचालण्यात गुणी. अक्षरं सगळ्यात लवकर ओळखणारा तोच. त्यानं जॅकेटच्या खिशातून खडूची पेटी काढली, पेटीतून एक अख्खा पांढरा खडू काढला आणि मितदेवाच्या अक्षरांतून तो फिरवायला लागला. कर्र, कर्र. भुकटी त्याच्या बुटांवर पडत होती. ‘आता बघा काका कसं दिसतंय.’ दिसत होतं, खोटं कशाला बोलू? मघापर्यंत धुरकट असलेली अक्षरं शाळेच्या फळ्यावर आल्यासारखी उठून आली. सगळ्यांनी फोटो काढले. मग कुणी तरी बिसलेरीची बाटली ओतली, कुणी तरी रुमालानं पुसलं. पांढरं पाणी खांबावरून ओघळलं, थोडं खाली गेलं, थोडं दगडात गेलं. जे दगडात गेलं ते कुठल्याच रुमालानं निघत नाही.

मी तिथं काहीच बोललो नाही. परतीच्या वाटेवरही नाही. गाडीत तुम्ही भीमगीतं म्हणत होतात आणि मी खिडकीला डोकं टेकून झोपल्याचं सोंग करत होतो. कारण १९८६ साली मी हेच केलंय.

तेव्हा मी बँकेत लागून चारेक वर्षं झाली होती. ठेव विभागात होतो. माझ्याबरोबरच्या एका मित्राला लेण्यांचं वेड होतं, त्यानं मला ते लावलं. एका रविवारी आम्ही त्रिरश्मीच्या दहाव्या लेण्यात गेलो. छत्तीस फोटोंचा रोल घातलेला उसना कॅमेरा, खडू, आणि डब्यात थालीपीठ. डाव्या अंगाच्या खोलीच्या दाराजवळ उषवदात नावाच्या दात्याचा लेख आहे, हात पुरत नाही, म्हणून मी मित्राच्या खांद्यावर चढलो आणि एकेक अक्षर खडूनं भरत गेलो. खाली तो ‘सांभाळ रे’ म्हणत होता आणि वर मी पुढचं अक्षर काय असेल ते ठरवत होतो.

हे ‘ठरवत होतो’ लक्षात ठेवा. या पत्रात मला सांगायचं आहे ते एवढंच आहे.

आपला दगड बेसॉल्ट. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांची भोकं दगडात जागोजाग आहेत. काही मोहरीएवढी, काही वाटाण्याएवढी. आणि ब्राह्मी लिपीत अनुस्वार म्हणजे काय, तर अक्षराशेजारी एक टिंब. खांद्यावर उभं राहून, मान वाकडी करून, खडू हातात घेतलेल्या माणसाला बुडबुड्याचं भोक आणि छिन्नीचं टिंब यांत फरक कळत नाही. मी एका भोकात खडू दाबला आणि एका शब्दाला अनुस्वार दिला. फोटो निघाला. तो फोटो पुढे दोन-तीन जणांकडे गेला, एकानं तो भिंतीवर लावला. त्या अनुस्वारावरून मी लोकांशी वाद घातलाय. पंधरा वर्षं! शेवटी वाचनालयात १९०५-०६च्या ‘एपिग्राफिया इंडिका’ या शिलालेखांच्या नियतकालिकाच्या आठव्या खंडात सेनार्ट या फ्रेंच अभ्यासकानं छापलेले लेखांचे ठसे पाहायला मिळाले. माझा अनुस्वार तिथं नव्हता. दुसऱ्या दिवशी बॅटरी घेऊन वर गेलो, उजेड आडवा टाकला आणि पाहिलं. भोकाच्या कडा गोल, गुळगुळीत, आत काचेसारखी चकाकी. छिन्नी तिथं कधी लागलीच नव्हती.

खडूनं अक्षर स्पष्ट होत नाही. खडूनं आपला अंदाज स्पष्ट होतो, आणि पुढचा येणारा दगड न वाचता आपला अंदाज वाचतो. खडूचा पांढरा कण त्या भोकात बसला की तपासायची सोयही गेली. तुमच्या ग्रुपवर फिरणाऱ्या निम्म्या फोटोंतला मजकूर हा शिलालेख नाही, कुणाचं तरी हस्ताक्षर आहे.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा टिंबाचं काय घेऊन बसलात. तर मी ठेव विभागातला माणूस आहे. टिंबावर माझी नोकरी चालली. आणि दहाव्या लेण्यातला तो लेख म्हणजे दुसरं-तिसरं काही नसून मुदत नसलेल्या ठेवीची पावती आहे. त्याबद्दल सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. ज्यांना पाठ आहे त्यांनी पुढचा परिच्छेद सोडून द्यावा.

क्षत्रप म्हणजे शक राज्यकर्ता नहपान, त्याचा जावई उषवदात. त्यानं हे लेणं संघाला दिलं आणि त्याबरोबर ३००० कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी. पण रोख हातात दिली नाही. गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेण्यांकडे, म्हणजे कारागिरांच्या संघटनांकडे, ती ठेवली. गोवर्धन म्हणजे आपलं गंगापूरजवळचं. एका श्रेणीकडे २०००, व्याज महिन्याला शेकडा एक. दुसरीकडे १०००, व्याज शेकड्याला पाऊण. लेखात शब्द आहे ‘पायूनपडिकशत’. पायून! आपण आजही दुधवाल्याला पाऊण लिटर म्हणतो ना, तोच. पहिल्या रकमेला तो ‘सहस्रानि बे’ म्हणतो. बे एके बे मधला बे. वीस भिक्षूंना ‘वीसाय’, बारा कार्षापणांना ‘बारसक’. शेवटी ज्या गावात ८००० नारळाची झाडं दिली त्याचं नाव ‘चिखलपद्र’. पावसाळ्यात त्या गावाचा रस्ता कसा असेल ते वेगळं सांगायला नको. आणि शेजारच्याच लेखात उषवदाताची बायको दखमित्रा जी खोली दान देते तिला शब्द आहे ‘ओवरक’. देवळातली ओवरी ती हीच.

आता हिशेब बघा. २००० वर महिना शेकडा एक दरानं महिन्याला २०, वर्षाला २४०. वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्याच्या मुक्कामाला, राहणारे भिक्षू वीस, प्रत्येकी चिवराचे म्हणजे वस्त्राचे बारा. वीस बारे दोनशे चाळीस. पैशाचाही फरक नाही! ज्या दिवशी हा हिशेब मी लेण्याच्या पायरीवर बसून एसटीच्या तिकिटाच्या मागे केला, त्या दिवशी घरी येऊन बायकोला उठवून सांगितला होता. तिनं विचारलं, ‘मग दुसऱ्या हजाराचं काय?’ त्याचे वर्षाचे ९० भिक्षूंच्या इतर खर्चाला. पुढे अट आहे, ‘अपडिदातवा वधिभोजा’. मुद्दल परत मागायची नाही, वाढ तेवढी खायची. आणि हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवलं, दप्तरात नोंदवलं. बेचाळिसाव्या वर्षाच्या वैशाखातली ही पावती. मी माझ्या नोकरीत हजारो पावत्या केल्या, एवढी निर्दोष एकही नाही.

आता सांगा, या आकड्यांत कुणी खडूनं एक रेघ जास्त ओढली तर? ब्राह्मी आकड्यांत हजाराच्या चिन्हाला एक आडवी काडी जोडली की रक्कम बदलते. पाच-पन्नास वर्षांनी कुणी तरी येऊन म्हणेल, उषवदाताचा हिशेब चुकला. तो चुकलेला नाही. आपण चुकवू शकतो.

याच दहाव्या लेण्याच्या अंगणात आणखी एक ठेवपावती आहे, तुमच्यातले फार थोडे तिच्याशी थांबतात. आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षी विष्णुदत्ता नावाच्या शक बाईनं आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी पैसे ठेवले. कुंभारांकडे, तेल्यांकडे, पाण्याची यंत्रं करणाऱ्या ओदयंत्रिकांकडे. पावणेदोन हजार वर्षांपूर्वीच्या नाशकात पाण्याची यंत्रं करणाऱ्यांची एवढी मोठी श्रेणी होती की तिच्याकडे ठेव ठेवावी! पण दगड उघड्यावर आहे, मधली अक्षरं गेली. आणखी कोणाकोणाकडे किती ठेवले ते वाचताच येत नाही. पावसानं नेलेलं परत येत नाही, त्याला इलाज नाही. निदान उरलेल्यात आपली बोटं नकोत.

आणि एक गोष्ट, जी मला अलीकडे रात्री आठवत राहते.

उषवदाताच्या लेण्यापासून तीन नंबरचं लेणं चार पावलांवर. तिथं गौतमी बलश्रीचा मोठा लेख आहे. ही गौतमीपुत्र सातकर्णीची आई, लेख नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षातला. त्यात ती आपल्या मुलाचं कौतुक करते, की त्यानं खखरातांचा वंश निःशेष केला. खखरात म्हणजे नहपानाचं घराणं. म्हणजे उषवदाताचंच सासर. नुसतं बोलणं नाही. सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला १९०६ साली नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली, त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्रानं आपला शिक्का पुन्हा मारलेला. शत्रूचा चेहरा आणि त्याच्या नाकावर आपली खूण. त्याच गौतमीपुत्राच्या अठराव्या वर्षाच्या आज्ञेत, जे शेत आजवर उषभदाताकडे, म्हणजे उषवदाताकडे, होतं ते दोनशे निवर्तनांचं (निवर्तन हे तेव्हाचं जमिनीचं माप) शेत तेकिरसीच्या, म्हणजे त्रिरश्मीच्या, भिक्षूंना दिल्याचं लिहिलंय. तिथंही शब्द ‘निवतनसतानि बे’, पुन्हा तो बे. शेत घेतलं, नाणी ठोकली, वंश बुडवला.

पण दहाव्या लेण्यातल्या त्या पावतीला हात लावला नाही. छिन्नीवाले कारागीर त्याच डोंगरावर कामाला होते, चार पावलं जाऊन ‘उषवदात’ हे नाव खरवडून काढायला अर्धा दिवस लागला नसता. नाही काढलं. का, ते मला माहीत नाही आणि कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पण ते नाव आजही तिथं आहे, एवढं आपल्या डोळ्यांनी दिसतं. उघड शत्रूनं जे दगडावर केलं नाही, ते आपण प्रेमापोटी करतोय.

प्रेम आहे, हे मी नाकारत नाही. मला आठवतं तेव्हापासून या लेण्यांना पांडवलेणी म्हणतात. भीम कुठे झोपायचा, द्रौपदी कुठे स्वयंपाक करायची, ते आम्हाला सहलीला सांगितलं जायचं. भिंतीवर स्वच्छ लिहिलंय की हा ‘तिरण्हु’ डोंगर, इथं भिक्षुसंघ राहतो, आणि गाव मात्र पांडवांना शोधतंय. तुम्ही पोरांनी लिपी शिकून हे चित्र बदललं. शनिवारी संध्याकाळी कुणाच्या तरी गच्चीवर, कुणाच्या तरी विहारात वर्ग घेता, फी घेत नाही, कारखान्यातली शिफ्ट संपवून अंबड-सातपूरहून थेट येणारे असतात. नावाच्या वादात मी फार पडत नाही, पण तुमच्यामुळे पन्नास वर्षांनी का होईना लोक भिंत वाचू लागलेत. धंभिक गावानं चैत्याचं दार दिलं, दास म्हणजे कोळी असलेल्या मुगूदासानं लेणं दिलं, उत्तरेकडच्या यवन म्हणजे ग्रीक इंद्राग्निदत्तानं दिलं, हे नाशिकच्या साध्या माणसाला तुम्ही सांगितलंत. म्हणूनच हे पत्र तुम्हाला लिहितोय. भिंतीवर बाणाचं काळीज काढणाऱ्यांना मी पत्र लिहीत नाही, ते वाचणार नाहीत.

कायद्याचं एका ओळीत सांगतो, कारण कायद्यानं कुणाचं मन बदललेलं मी पाहिलेलं नाही. १९५८च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात अशा जागेला इजा करणं किंवा विद्रूप करणं हा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. खडू त्यात बसतो का, हा वाद वकिलांनी घालावा.

मग वाचायचं कसं? बॅटरीनं. हे मी तुम्हाला पितळखोऱ्यालाच दाखवायला हवं होतं.

तुम्ही मोबाइलचा टॉर्च लेखासमोर धरता. समोरून उजेड पडला की भिंत सपाट होते, खोलगट भागात सावलीच उरत नाही, म्हणून अक्षर दिसत नाही आणि मग हात खिशातल्या खडूकडे जातो. बॅटरी भिंतीला जवळजवळ चिकटवून धरा, भिंतीपासून वीतभर, उजेड भिंतीवरून सरपटत गेला पाहिजे. डावीकडून एकदा, मग उजवीकडून, मग खालून वर. प्रत्येक वेळी वेगळी कड उजळते, वेगळी सावली पडते. छिन्नीच्या रेघेला एक कड धारदार असते, तिची सावली काळी, सरळ. झिजेची सावली मऊ. बुडबुड्याच्या भोकाची सावली चंद्रकोरीसारखी. दोघं हवेत, एक बॅटरी धरणारा आणि एक वाचणारा, आणि धरणाऱ्यानं बडबड करायची नाही. पहिल्यांदा अक्षर वर येतं तेव्हा अंगावर काटा येतो. खडूनं तो कधीच येत नाही, कारण तिथं आपणच ते लिहिलेलं असतं.

फोटोही असेच काढा. एकाच जागेचे चार, चार दिशांच्या उजेडाचे. आणि ज्यांना पूर्ण मजकूर हवाय, त्यांनी छापलेले ठसे पाहावेत. ओला कागद, शाई आणि सरावलेला हात लावून ते काम जाणकारांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच करून ठेवलंय. तेव्हा न झिजलेली अक्षरंही त्यात आहेत. त्याच्या झेरॉक्स वर्गात वाटा, त्यावर हवा तेवढा खडू, पेन्सिल, हायलायटर चालवा. ओला कागद भिंतीला लावायचा प्रयोग मात्र कुणी स्वतः करू नका, तेही परवानगीचं आणि कसबाचं काम आहे. हे सांगावं लागतंय कारण मागच्या महिन्यात एकानं मला पायऱ्यांवर विचारलं, ‘काका, वर्तमानपत्र चालेल का?’

आणखी दोन गोष्टी मागतो. ग्रुपच्या फोटोला आणि पोस्टरला खडू लावलेल्या लेखाचा फोटो असेल तर तो बदला. नवीन आलेला मुलगा तो पाहतो आणि समजतो की असंच करायचं असतं. मी तरी असाच शिकलो. आणि दुसरं, लेण्यावर कुणी खडू काढताना दिसला तर अंगावर धावून जाऊ नका, व्हिडिओ काढून त्याची बदनामी करू नका. त्याच्या हातात बॅटरी द्या. मला १९८६ मध्ये कुणी दिली असती तर पंधरा वर्षांचे वाद वाचले असते.

त्या काळ्या जॅकेटवाल्या मुलाला वेगळं सांगतो. तू अक्षरं माझ्यापेक्षा लवकर ओळखतोस. माझे डोळे आता मोतीबिंदूचे आहेत, एकाचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं दिवाळीनंतर. माझ्या त्या १९८६च्या फोटोची मूळ निगेटिव्ह अजून माझ्याकडे आहे, ती तुला द्यायची आहे. चुकीचा अनुस्वार कुठला ते तू शोध. मी सांगणार नाही.

येत्या रविवारी सकाळी सातला मी दहाव्या लेण्याच्या व्हरांड्यात असेन. त्या ठेवीच्या लेखातला ‘पायून’ आडव्या उजेडात कसा दिसतो ते एकेकाला दाखवेन. माझ्याकडे दोन बॅटऱ्या आहेत. सेल तुमचे तुम्ही आणा.

तुमचा,
इंदिरानगरहून रोज लेण्या चढणारा एक निवृत्त बँक कर्मचारी